काकूंचं साल्व्हिया आणि काकांची कात्री

ज्या गाळ्यात आता मोबाइलची कव्हरं टांगलेली दिसतात, तिथे पूर्वी मिशीकाकांचं सलून होतं. काचेचं दार नव्हतं, गार हवेचं यंत्र नव्हतं. दोन खुर्च्या, दोन आरसे, मागे एक लाकडी बाक आणि वस्तऱ्याला धार लावायचा चामड्याचा पट्टा, एवढाच पसारा. उकाडा असा की गालावरचा फेस वाळायच्या आत दाढी उरकावी लागे. तरी माणसं तिथेच जायची, आणि दाढी झाल्यावरही उठायची नाहीत. आताच्या सलूनमध्ये माणूस आत जातो, कानात वायरी घालून बसतो आणि डोकं हलकं करून बाहेर येतो. शेजारच्या खुर्चीत कोण बसलं होतं, याचा त्याला पत्ता नसतो. जाऊ द्या. ज्याचा त्याचा जमाना.

दुकान गेलं, ती दोघं नवराबायकोही गेली. माणसं काय कायमची असतात? पायरीजवळचं जांभळ्या फुलांचं झाड मात्र अजून आहे. तेच का, असं कोणी विचारलं तर पटकन हो म्हणू नये. त्याचीच तर ही गोष्ट.

मिशीकाकांना मिशी नव्हती. आयुष्यात कधीच नव्हती. दुसऱ्यांच्या मिश्या मात्र ते अशा कोरायचे की दोन्ही टोकं एका रेषेत. म्हणून रस्त्याने त्यांना हे नाव बहाल केलं, आणि ते इतकं चिकटलं की खुद्द सासऱ्यांनीही एकदा चारचौघांत "या मिशीकाका" म्हणून हाक मारली आणि जीभ चावली म्हणे. खरंखोटं देव जाणे. काकांची स्मरणशक्ती डोक्यांपुरती अफाट होती. दहा वर्षांनी आलेल्या माणसाचं नाव विसरतील, पण त्याचा भोवरा डावीकडे की उजवीकडे ते विसरणार नाहीत. डोक्याबाहेरच्या जगात मात्र आनंदीआनंद. घराला नवा रंग दिला तर आठवडाभराने विचारायचे, "काय गं, हे असं उजेडाचं का वाटतंय?"

दुकानाच्या मागेच घर. मध्ये एक पडदा. पडद्याच्या अलीकडे काकांचं राज्य, पलीकडे काकूंचं.

काकू लग्न होऊन आल्या तेव्हा दुकानाच्या पायरीला लागून एक खड्डा होता. तिथे पूर्वी दिव्याचा खांब होता. तो कोणीतरी उपटून नेला आणि विटांचे तुकडे, चुना, खडे टाकून खड्डा अर्धवट बुजवला. गिऱ्हाईक त्यात पाय मुरगाळून घ्यायचं आणि काकांच्या नावाने खडे फोडायचं. काका सिमेंट आणायला निघाले होते. काकूंनी त्यांना थांबवलं. माहेरून येताना त्यांनी एका ओल्या रुमालात गुंडाळून काडी आणली होती, जेमतेम वीतभर, चार पानांची.

"ही इथे लावते," त्या म्हणाल्या.

"इथे?" काकांना हसूच आलं. "अगं, इथे गवत उगवत नाही. आणि पाणी कुठून आणणार? नळ दिवसाआड येतो, तोही आल्यासारखं करून जातो."

"याला पाणी लागत नाही फारसं."

"पाणी न लागणारं झाड प्लॅस्टिकचं असतं."

नव्या नवरीने किती बोलायचं? काकूंनी विटांचे दोन तुकडे बाजूला सारले, काडी खोचली आणि आत निघून गेल्या. पुढच्या उन्हाळ्यात रस्त्यावरच्या सगळ्या कुंड्या माना टाकून बसल्या होत्या. चष्मेवाल्याचा गुलाब गेला, कापडवाल्याची शेवंती गेली. आणि खांबाच्या खड्ड्यात, त्या विटाचुन्याच्या ढिगात, जांभळे तुरे उभे राहिले. काका वस्तरा हातात धरून दारात आले, बघत राहिले आणि खुर्चीतल्या गिऱ्हाइकाला म्हणाले, "बायकोशी पैज लावू नये राव. कधीही लावू नये."

रोपं विकणारे त्याला साल्व्हिया म्हणतात. तुळस-पुदिन्याच्या भाऊबंदकीतलंच हे झुडूप. पानं राखाडी, खरखरीत. हात लागला की उग्र आणि तरी गोडसर वास सुटतो. माती भिकार असली, ऊन मरणाचं असलं, तरी याला बहर. मधमाश्यांची तर पायरीवर जत्राच. तोंडाला फेस लावून बसलेलं गिऱ्हाईक घाबरायचं, तेव्हा काका म्हणायचे, "त्या आपल्या कामाला आल्यात, तुम्ही तुमच्या. बसा गप्प. हललात तर माशी नाही, वस्तरा चावेल."

काकूंचे त्या झाडाबाबत दोन कायदे होते. पहिला, पाणी कमी. "जास्त लाड केले की आधी माजतं आणि मग मरतं," असं त्या म्हणायच्या आणि म्हणताना काकांकडे बघायच्या. दुसरा, थंडी सरली की वर्षातून एकदा छाटणी, आणि ती करणार त्या स्वतः, स्वयंपाकघरातल्या बोथट कात्रीने. काकांच्या हत्यारांना तिथे मज्जाव.

"अगं, ज्याच्या हाताखालून अख्खं गाव जातं, त्याला एक झुडूप कापता येणार नाही?"

"तुमचा हात डोक्यांवर बसलाय. झाडाला डोकं नसतं."

छाटणीच्या दिवशी तर त्या काकांना काही ना काही काम काढून बाहेरच पिटाळायच्या. काका कुरकुर करायचे आणि जायचे. परत येऊन बघायचे तर झाड नीटनेटकं, कधी जरा जास्तच बारीक झालेलं. "यंदा फारच कापलंस गं," असं ते एखाद्या वर्षी म्हणायचे. "हो, जरा जास्तच झालं," असं काकू म्हणायच्या. विषय संपला.

पण फुशारकी कोणाची? काकांची. खुर्चीत नवा माणूस बसला की त्याच्या मानेभोवती कापड गुंडाळता गुंडाळता सुरू. "ते बाहेरचं जांभळं बघितलंत का? आमच्या लग्नाचं झाड आहे. संसाराइतकंच वय त्याचं. दोन मुली झाल्या, वाढल्या, आपापल्या घरी गेल्या; झाड तिथेच. तेव्हापासूनचं तेच." पडद्यामागून काकूंच्या हसण्याचा आवाज यायचा. काकांना वाटायचं, लाजली. पंचवीस-तीस वर्षं त्यांना असंच वाटत होतं. बिचारे!

मग काकू आजारी पडल्या.

आधी साधं दुखणं वाटलं, मग तपासण्या झाल्या, मग डॉक्टरांनी तो एक शब्द उच्चारला जो ऐकल्यावर काकांना पुढचं काही ऐकूच आलं नाही. उपचार मोठ्या शहरात होते. तिथे काकूंची धाकटी बहीण राहायची, तिने सांगून टाकलं, "ताई माझ्याकडेच राहील. भावजी, तुम्ही दुकान सांभाळा, सुट्टीच्या दिवशी या. दुकान बंद ठेवून इथे तोंड पाडून बसलात तर तीच आधी खचेल." बरोबरच होतं. काकू बहिणीकडे राहायला गेल्या. पडद्यापलीकडे सामसूम झाली. काका स्वतःपुरतं काहीबाही शिजवायचे, अर्धं खायचे.

दर आठवड्याला सुट्टीच्या दिवशी पहिली बस पकडून ते जायचे, आणि जाताना झाडाची एक कोवळी काडी ओल्या रुमालात गुंडाळून न्यायचे. काकूंनीच तसं सांगितलं होतं. औषधांनी त्यांच्या तोंडाची चव गेली होती, सारखं मळमळायचं. पण ते पान चुरगळून नाकाशी धरलं की जरा बरं वाटायचं. काका खोलीत शिरले की काकू "आलात का, जेवलात का" काही विचारायच्या नाहीत. पहिला प्रश्न ठरलेला.

"फुललंय का?"

"फुललंय ना."

मग काडी धाकटीच्या स्वयंपाकघराच्या खिडकीत, औषधाच्या रिकाम्या बाटलीत पाणी भरून, पुढच्या आठवड्यापर्यंत.

एका आठवड्याला काका पोचले तर काकू डोक्याला पदर घट्ट लपेटून बसल्या होत्या. उशीवर केसांचे पुंजके. काकूंचे केस म्हणजे काय होते! वेणी कमरेखाली जायची. सगळ्या गावाच्या केसांना कात्री लावणारा माणूस, पण बायकोच्या वेणीच्या टोकालाही त्याने कधी हात लावला नव्हता. आणि काकूही त्या दुकानाच्या खुर्चीत आयुष्यात बसल्या नव्हत्या. ते पुरुषांचं दुकान, त्या म्हणायच्या, मला काय तिथे.

"हे असं रोज थोडं थोडं जाणं नको वाटतं हो," काकू म्हणाल्या. "एकदाच काढून टाका. तुमच्याशिवाय कोणाला हात लावू देणार नाही."

काकांनी मशीन बरोबर आणलं नव्हतं. पुढच्या आठवड्यात आणलं. धाकटीच्या गॅलरीत स्टूल मांडलं, काकूंच्या मानेभोवती धुतलेली चादर गुंडाळली. काकांचा हात कधी थरथरायचा नाही, त्या दिवशीही थरथरला नाही. तोंड मात्र चालू होतं, कारण ते बंद झालं असतं तर त्यांचं काही खरं नव्हतं.

"येतात गं. मुळापासून काढलं की दाट येतात. माझा धंदा आहे हा, मला ठाऊक."

"तुमच्या टकल्या गिऱ्हाइकांना सांगून बघा हे," काकू म्हणाल्या.

दोघंही हसली. काम झालं. मग हात धुतो म्हणून काका न्हाणीघरात गेले, नळ मोठा सोडला आणि रडले. नळाच्या आवाजात कोणाला ऐकू गेलं नसेल, अशी त्यांची समजूत होती.

त्यानंतर काकांच्या डोक्यात एक गोष्ट बसली. दुकानात एकटा बसलेला माणूस काय काय विचार करतो, त्याला धरबंध नसतो. समोर ते झाड. यंदा त्याची छाटणी झालीच नव्हती, कोण करणार? ते आडवंतिडवं पसरलं होतं, खाली नुसते उघडे सोट आणि टोकांना कसेबसे चार तुरे. काकांना ते बघवेना. काकू परत येतील आणि झाड असं दिसेल? आणि मग मनात आलं ते आलंच: हिचे केस मुळापासून काढले, दाट येणार म्हणून सांगितलं. झाडाचंही तेच करू. झाड फुटेल, तिचे केस येतील, ती बरी होईल. एकाचं झालं की दुसऱ्याचं होणारच. हे त्यांनी कोणाला सांगितलं नाही, पण मनाशी पक्कं धरून बसले. तिला काही झालं तर आपण जगायचं कसं, या भीतीला दुसरं उत्तर त्यांच्यापाशी नव्हतं.

सुट्टीच्या आदल्या संध्याकाळी त्यांनी आपली सगळ्यात चांगली कात्री काढली, जाड सोटांना करवत लावली, आणि झाड बोटभर खुंटांवर आणलं. अगदी साफ. उरलेल्या खुंटांवरून हात फिरवला, एखाद्या पोराच्या नुकत्याच भादरलेल्या डोक्यावरून फिरवावा तसा. शेजारचा चष्मेवाला, जो काकांच्या दुसऱ्या खुर्चीत गप्पा मारायला कायमचा मुक्कामाला असे, बाहेर येऊन म्हणाला, "काका, झाडाची हजामत केलीत की!"

"बघशील. पंधरा दिवसांत असं दाट येईल की माशीला शिरायला जागा नाही मिळणार."

कापलेल्यातला एक भाराच काका दुसऱ्या दिवशी काकूंकडे घेऊन गेले. कधी नव्हे ते इतके खुशीत होते. काकूंनी भारा मांडीवर घेतला, काड्यांवरून बोटं फिरवली, बुडख्यांशी आल्यावर बोटं जरा थांबली. मग त्यांनी कोवळा शेंडा निवडून धाकटीकडे दिला. "हा बाटलीत ठेव गं," एवढंच म्हणाल्या.

पंधरा दिवस झाले. महिना झाला. खुंट तसेच. काकांनी पाणी घालायला सुरुवात केली. आधी तांब्या, मग बादली. ज्या बादलीत स्वतः अंघोळ करायचे ती अर्धी झाडाला आणि अर्धी स्वतःला. दाढी करता करता मध्येच उठून बाहेर जाऊन बघायचे आणि अर्ध्या गालाचं गिऱ्हाईक तिकडे चरफडत बसायचं. शेवटी समोरच्या बँकेच्या बागेतला माळी दाढीला आला तेव्हा काकांनी त्याला हाताला धरूनच बाहेर नेलं.

माळ्याने खाली बसून नखाने एका खुंटाची साल खरवडली. आत तपकिरी. दुसऱ्याची खरवडली. तीही तपकिरी.

"काका, याच्या जुन्या लाकडाला डोळे नसतात. हिरवं असतं तिथून फुटतं, खालून नाही. आणि हे पाणी किती घातलंत! मुळंही कुजली असतील."

"पण मुळापासून काढलं की दाट येतं ना?"

"ते केसांचं असेल बुवा," माळी म्हणाला. "झाडाचं नाही."

काका दुकानात आले आणि दाढी पुरी केली. माळ्याच्या गालावर एक लहानशी जखम झाली. सगळ्या आयुष्यात काकांच्या वस्तऱ्याने काढलेलं ते पहिलं रक्त असावं.

आणि तिकडे दर आठवड्याला तो प्रश्न. "फुललंय का?" काका म्हणायचे, "हो तर. काय सांगू, जोरात फुललंय." "मग काडी नाही आणलीत?" एकदा म्हणाले विसरलो. एकदा म्हणाले बसमध्ये राहिली. तिसऱ्यांदा काय सांगणार? बँकेच्या माळ्याकडून साल्व्हियाचीच काडी मागून नेली. झाड साल्व्हियाचं खरं, पण फूल लालभडक. काकूंनी ते फूल हातात घेतलं, इकडून बघितलं, तिकडून बघितलं.

"रंग जरा बदललाय वाटतं," त्या म्हणाल्या.

"ऊन फार आहे यंदा," काका म्हणाले.

काकूंनी ओठ दाबून घेतले आणि खिडकीकडे बघत राहिल्या. काकांना वाटलं, पचलं.

मग एक दिवस धाकटीचा फोन आला. डॉक्टरांनी सांगितलंय, औषधांना गुण आला आहे, आता घरी न्या, अधूनमधून दाखवायला आणा. सगळ्या रस्त्याला आनंद झाला. कापडवाला पेढे आणायला धावला. काका मात्र खाली मान घालून बसून राहिले. झाड फुटलं नाही आणि ती येतेय. म्हणजे डॉक्टर काय म्हणतात ते खोटं आहे का? नुसतं घरी पाठवून देत आहेत का? माणूस एकदा मनाशी खूणगाठ बांधून बसला की सुटता सुटत नाही.

चष्मेवाल्याला यातलं काही ठाऊक नव्हतं. त्याला वाटलं, काका बायकोच्या ओरड्याला घाबरलेत. "एवढं काय मनाला लावून घेता? नवीन जांभळं रोप आणा आणि ठोका तिथे. काकूंच्या चष्म्याचा नंबर मला विचारा. त्यांना काय कळतंय?"

"वेड लागलंय का तुला?" काका भडकले. "लग्नाचं झाड ते! तिच्या हाताखाली वाढलंय. दुसरं लावलं तर तिला एका पानावरून कळेल. ज्याचं झाड असतं ना, त्याला कळतंच."

काकांनी खड्डा तसाच ठेवला. नुसते वाळके खुंट.

काकू आल्या त्या दिवशी काका दारात उभे होते, खड्ड्याच्या बरोबर पुढे, दोन्ही पाय फाकवून, जणू मागे काही नाहीच. रिक्षा थांबली. आधी धाकटी उतरली, मग काकू. अर्ध्या झाल्या होत्या. डोक्याला रुमाल, हातात कापडी पिशवी, आणि ती पिशवी त्या धाकटीलाही घेऊ देत नव्हत्या. पायरीशी येऊन त्यांनी काकांकडे बघितलं.

"सरका."

"आधी आत चल, ऊन किती आहे."

"सरका हो."

काका सरकले. काकूंनी खुंट बघितले. काकांना आता राहवेना. चष्मेवाला बघतोय, कापडवाला बघतोय, धाकटी उभी आहे, कशाचं भान नाही. सगळं एका दमात बाहेर आलं. "मी मारलं गं. मला वाटलं मुळापासून कापलं की दाट येईल. तुझ्या केसांसारखं. मला वाटलं ते फुटलं की तू बरी होशील. नाही फुटलं. मी खूप पाणी घातलं, तरी नाही फुटलं. आपल्या लग्नाचं झाड, आणि मी..." खांद्यावरच्या टॉवेलात तोंड खुपसून हा मोठा माणूस भर रस्त्यावर हुंदके द्यायला लागला.

काकू पायरीवर बसल्या. त्यांचे खांदे हलत होते. धाकटी घाबरून पुढे झाली, तर काकू हसत होत्या. पडद्यामागून यायचं तेच हसणं.

"अहो, कुठलं लग्नाचं झाड? लग्नाचं झाड मोठी मुलगी शाळेत जायला लागली तेव्हाच गेलं."

काकांनी टॉवेल खाली केला.

"हे चौथं होतं," काकू म्हणाल्या. "या झाडाचं लाकूड होत जातं. सात-आठ वर्षांनी थकतं ते. म्हणून आधीच त्याच्या पायाशी नवी काडी लावून ठेवायची, ती जरा मोठी झाली की जुनं काढून टाकायचं. त्यासाठी तर तुम्हाला बाहेर पिटाळत होते मी. वाटलं, आज ओळखतील, उद्या ओळखतील. तुम्ही आपले सगळ्यांना सांगताय, तेव्हापासूनचं तेच. म्हटलं, सांगू देत. बरं वाटायचं ऐकायला."

चष्मेवाला एवढ्या मोठ्याने हसला की त्याला आपल्याच दुकानात पळावं लागलं.

"आणि यंदा?" काकांनी विचारलं.

"यंदा हे जायलाच आलं होतं. पायाशी काडी लावायची होती, त्याच सुमाराला मी आजारी पडले. राहून गेलं." मग म्हणाल्या, "तुम्ही तो भारा घेऊन आलात ना, त्याच दिवशी कळलं मला. बुडखे हे असे बोटाएवढे जाड. म्हटलं, झालं, केली यांनी हजामत."

"मग बोलली का नाहीस?"

"त्या दिवशी तुम्ही किती दिवसांनी हसत आला होतात. आणि त्या आधी न्हाणीघरात..." काकूंनी वाक्य पुरं केलं नाही. "धाकटीच्या घरच्या भिंती पातळ आहेत हो."

त्यांनी मांडीवरची पिशवी उघडली. आत औषधाची बाटली, आणि बाटलीत तोच शेंडा, भाऱ्यातून निवडलेला. पाण्यात पांढऱ्या बारीक मुळ्यांचा गुंता झाला होता. वर दोन नवी पानं. काकूंनी बाटली काकांच्या हातात दिली.

"हे खुंट काढा. विटा तशाच राहू देत. आणि हे लावा. माझ्याने वाकवत नाही अजून."

काकांनी खुंट उपटले, चिखल काढून टाकला, कोरडे खडे भरले आणि लावलं. काकू पायरीवरून सांगत होत्या, ते ऐकत होते. जन्मात पहिल्यांदाच काकांनी ते झाड स्वतःच्या हाताने लावलं. "आता तांब्याभर पाणी, आणि मग मी सांगेपर्यंत थेंब नाही," काकू म्हणाल्या. "आणि पुढच्या वर्षी छाटणी तुम्हीच करायची. मी बसून बघणार. हिरवं दिसतंय तिथवरच कापायचं. त्याच्या खाली गेलं की संपलं, एवढं लक्षात ठेवा."

मग त्या उठल्या. पडद्याकडे जायच्या ऐवजी सरळ दुकानात शिरल्या आणि आरशासमोरच्या खुर्चीत जाऊन बसल्या. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. खुर्ची पुरुषी मापाची, पाय जमिनीला टेकेनात. त्यांनी डोक्याचा रुमाल सोडला. केस आले होते. बोटाच्या पेराएवढे, करडे, मऊ, कानाच्या वर जरा कुरळे, एका बाजूला लांब, एका बाजूला आखूड.

काका दारात उभेच राहिले. डोळे पुसले, हात धुतले. स्वच्छ कापड झटकून काकूंच्या मानेभोवती गुंडाळलं. केसांतून बोटं फिरवली. एवढ्या वर्षांची सवय; प्रत्येक गिऱ्हाइकाला विचारायचे तेच तोंडातून बाहेर पडलं.

"कसे कापू?"

काकूंनी आरशातून त्यांच्याकडे बघितलं.

"हिरवं दिसतंय तिथवरच."

त्या दिवशी खाली पडलेले केस गोळा करायला काकांना झाडूही लागला नाही.